शॉर्टस्टॉप साहेब

आमच्या कंपनीच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजिंग डायरेक्टर बोलायला तोंड उघडत, आणि त्याच क्षणी साहेबांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जात. साहेब मीटिंगला कधी खुर्चीत बसले नाहीत. भिंतीशी उभे राहत. समोरच्याचं वाक्य सुरू झालं की त्यांचे गुडघे किंचित वाकत, हात पोटासमोर येत आणि सगळं वजन चवड्यांवर जाई. वाक्य संपलं आणि त्यात काही नव्हतं असं दिसलं की टाचा पुन्हा खाली. आमच्या मीटिंगमध्ये त्यांच्या टाचा बऱ्याच वेळा खाली येत.

नव्या माणसाला वाटे, यांना पाठीचं काहीतरी दुखणं असावं. खरं कारण असं होतं की वयाच्या सोळाव्या वर्षापासून ते बेसबॉल खेळत होते, आणि तेही शॉर्टस्टॉपला. दुसरा आणि तिसरा बेस, म्हणजे पळणाऱ्याने गाठायचे टप्पे, यांच्या मधली ही जागा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वेगाने चेंडू येतात ते इथे. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, हात मागे नेला की तिथल्या माणसाने चवड्यांवर यायचं असतं. ते हजारो वेळा केल्यावर शरीर विचारत नाही की समोर पिचर आहे की मॅनेजिंग डायरेक्टर.

साहेब जन्माने ऑस्ट्रेलियन, ॲडलेडकडचे. एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेत गेले आणि तिथल्या छोट्या गावांच्या व्यावसायिक संघांतून पगार घेऊन खेळले. दिवसभर बस, संध्याकाळी सामना, पुन्हा बस. सर्वोच्च लीगच्या एक पायरी खाली त्यांनी बरीच वर्षं काढली. गुडघा गेल्यावर त्याच क्लबच्या ऑफिसात बसले, तिकिटं विकली, फोन घेतले, खेळाडूंचे कपडे लॉण्ड्रीत टाकले. मग एका इंग्लिश नर्सशी लग्न केलं आणि तिच्यामागून इंग्लंडला आले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मिल्टन कीन्सच्या एका खेळसाहित्याच्या कंपनीत ते गोदामाचे प्रमुख होते आणि मी तिथेच कॉम्प्युटर विभागात होतो. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. तसा त्यांचा हुकूमच होता. मला मात्र ते जमेना. ते माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे आणि हुद्द्यानेही वरचे. तोंडाने मी नाव घ्यायचो, पण मनात आणि घरात ते साहेबच राहिले.

ते चालताना खडे उचलत. गोदामाचं आवार असो, कार पार्क असो किंवा रेडवे म्हणजे आमच्या गावातला तो सायकलींचा लाल रस्ता असो, मध्येच वाकायचं, एक खडा उचलायचा आणि कोटाच्या खिशात टाकायचा. इनफील्डर, म्हणजे बेसजवळचा फिल्डर, सामन्याआधी आपल्या पुढ्यातली जमीन साफ करतो, कारण चेंडू खड्यावर आपटला की सरळ तोंडावर येतो. एकदा आमच्या घरी जेवायला आले तेव्हा पुढच्या दारापासून गेटपर्यंतची वाट त्यांनी निघताना साफ केली. माझी बायको खिडकीतून बघत होती. म्हणाली, "अहो, तुमच्या साहेबांचं काही हरवलंय का?"

ओळख झाली ती कँटीनमध्ये. टेस्ट मॅच चालू होती. मी छोटा ट्रान्झिस्टर कानाशी धरून एका प्रिंटआउटच्या पाठीवर चेंडूगणिक स्कोअर लिहीत होतो. पुण्यात कॉलेजच्या संघात माझी जागा तीच होती, कारण त्यांना माझ्याहून वाईट खेळणारा मिळाला नव्हता आणि माझ्याहून नीट लिहिणाराही. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"प्रत्येक चेंडू लिहितोस?"

"हो."

"कोणी सांगितलंय?"

"कोणीच नाही."

"रविवारी काय करतोस?"

अशा रीतीने मी इंग्लंडातल्या एका बेसबॉल क्लबचा अधिकृत स्कोअरर झालो.

त्या काळचं ब्रिटिश बेसबॉल म्हणजे आमच्या गावातल्या मराठी मंडळाचं भावंडच होतं. खेळणारे कमी, पदाधिकारी जास्त. देशाच्या कमिटीत ग्लोव्ह्जपेक्षा ब्लेझर अधिक होते आणि प्रत्येक ब्लेझरच्या खिशावर काहीतरी भरतकाम होतं. आमचं मैदान दोन राउंडअबाउटच्या, म्हणजे गोल चौकांच्या, मध्ये, कौन्सिलने फुटबॉलसाठी राखलेलं. बेसच्या पिशव्या एका शॉपिंग ट्रॉलीतून यायच्या. पण साहेबांनी स्वतःला जनरल मॅनेजर म्हणवून घेतलं होतं आणि ते पद ते मन लावून सांभाळत. प्रवेश फुकट असूनही ते तिकिटं छापत. "तिकीट हातात असलं की माणूस वेळेवर येतो," असं त्यांचं म्हणणं. प्रेक्षक जमवायला ते अमेरिकेतल्या रीतीप्रमाणे टेलिफोन डायरेक्टरी उघडून एकेकाला फोन लावत. ज्या वर्षी त्यांनी पी हे अक्षर घेतलं, त्या वर्षी आमच्या सामन्यांना पार्कर, फिलिप्स, झाडून सगळे पटेल आणि शेजारच्या ब्लेचलीचे एक पाटील सहकुटुंब हजर असत. पाटील शेवटपर्यंत विचारत राहिले की ओव्हर कधी संपते.

पण साहेब खेळाडूही होते. बेचाळिसाव्या वर्षी अजून शॉर्टस्टॉपला उभे राहत. एकाच माणसाने संघ निवडायचा आणि त्यात स्वतःलाच घ्यायचं, ही अडचण त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवली होती. जनरल मॅनेजरचं काम करताना ते टाय बांधत. एकच टाय, तपकिरी, खिशात घडी करून ठेवलेला. मातीने माखलेल्या युनिफॉर्मवर, पोर्टाकॅबिनमध्ये म्हणजे क्लबच्या पत्र्याच्या खोलीत, ते तो टाय बांधत आणि मग शॉर्टस्टॉपबद्दल असं बोलत, जणू तो कोणी तिसराच माणूस.

"आपला शॉर्टस्टॉप डावीकडे जायला उशीर करतो," टायमधले साहेब म्हणत. "आज त्याच्याशी बोललं पाहिजे."

"बोला ना," संघातला कोणीतरी म्हणे.

"तो ऐकून घेत नाही."

मग टाय सुटे, घडी होऊन खिशात जाई, आणि तो ऐकून न घेणारा माणूस बॅटची पिशवी उचलून गाडीकडे निघे. आम्ही हसायचो. आता वाटतं, हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. मी कितीतरी संस्था पाहिल्या आहेत जिथे खुर्चीतला माणूस आणि मैदानातला माणूस एकच असतो आणि दोघांची कधी गाठच पडत नाही. साहेबांनी निदान एका टायचं अंतर ठेवलं होतं.

एकदा मी त्यांना आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेला नेलं. न्यायचं कारण असं की सभा ज्या शाळेच्या हॉलमध्ये होती तिथे लागूनच एक मैदान होतं आणि त्यांना ते बघायचं होतं. पाऊस लागला म्हणून ते आत येऊन बसले. एकही शब्द कळत नसताना तीन तास मराठी ऐकलं. अध्यक्षांचं भाषण झालं, उपाध्यक्षांनी त्याचा अनुवाद करावा तसं तेच पुन्हा सांगितलं, घटनादुरुस्तीवरून दोन गट पडले. परत येताना गाडीत मी विचारलं, कंटाळलात का.

"डावीकडून तिसरा जो होता, निळ्या स्वेटरचा," ते म्हणाले, "तो तुमचा एकमेव इनफील्डर."

निळ्या स्वेटरचे कुलकर्णी सभेत एक अक्षर बोलले नव्हते. फक्त एका म्हाताऱ्या बाई आत आल्या तेव्हा त्यांनी जागा शोधायच्या आधीच कुलकर्ण्यांनी खुर्ची आणून ठेवली होती.

चेंडू तुझ्यापर्यंत यायची वाट बघू नकोस, तू चेंडूकडे जा, हे साहेबांचं एकमेव तत्त्वज्ञान. तक्रारीची पत्रं ते सकाळी सर्वांत आधी उघडत. गोदामात माल फुटला तर ग्राहकाचा फोन यायच्या आधी स्वतः फोन करत. आणि आकड्यांच्या बाबतीत त्यांच्यासारखा चोखंदळ माणूस मी पाहिला नाही. कमिटीच्या एका जेवणाला अध्यक्षांनी त्यांची ओळख 'सर्वोच्च लीगमधले माजी तारे' अशी करून दिली. टाळ्या पडल्या. साहेब उठले आणि म्हणाले, "चार दिवस. एकाचं मनगट मोडलं होतं म्हणून बोलावलं होतं. चार दिवस बेंचवर बसलो, मैदानात पाय ठेवला नाही. सूप फार छान होतं, आभारी आहे." आणि बसले. अध्यक्षांनी पुढे वर्षभर त्यांची ओळख करून दिली नाही.

आता स्कोअररचं काम सांगतो, कारण माझी चूक तिथली.

क्रिकेटच्या वहीत सुटलेल्या कॅचला जागा नसते. गडी वाचला, पुढे चला. कोणी सोडला हे लोक लक्षात ठेवतात, वही ठेवत नाही. बेसबॉलच्या वहीत ठेवावं लागतं. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला तर तो कसा, हे स्कोअररने जागच्या जागी ठरवायचं. चेंडूच चांगला मारला होता, तर ती 'हिट', आणि पुढे त्यातून झालेल्या धावेचा दोष पिचरच्या नावावर. चेंडू साधा होता आणि फिल्डरच्या हातून गेला, तर ती 'एरर', फिल्डरच्या नावावर, आणि पिचर निर्दोष. सामन्याला छोट्या छोट्या नऊ इनिंग, आणि त्या सगळ्यांत न्यायाधीश मी. अपील नाही.

आमचा पिचर होता सॅम. भायखळ्याच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घराण्यातला, जन्म लंडनचा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनिअर होता. त्याच्या आई घरी मराठीच बोलत, जुन्या वळणाचं, ऐकताना कान निवावेत असं. सॅमचं मराठी तिथूनच आलेलं पण वाटेत बरंच सांडलेलं. मला तो काका म्हणे, आणि माझ्याशी बोलताना साहेबांना माझ्याचसारखा साहेब. साहेबांनी त्याला वीस-एकविसाव्या वर्षी क्रिकेटमधून उचललं आणि पाच वर्षं खपून पिचर केलं. हात फार चांगला होता त्याचा. हे मी म्हणत नाही, साहेब टाय लावून म्हणत.

त्या उन्हाळ्यात देशाच्या संघाच्या निवडीचं शिबिर भरणार होतं. कमिटी खेळाडू बघायला कुठे जात नसे. ब्लेझर चुरगळतात. क्लबांनी जुलैअखेरपर्यंतचे स्कोअरचे तक्ते जनरल मॅनेजरच्या सहीने पाठवायचे आणि त्यावरून नावं ठरायची. आधीची दोन वर्षं सॅमचं नाव थोडक्यात हुकलं होतं. या वर्षी तो मला म्हणाला होता, "काका, धिस इज इट. विंटरमध्ये बेबी येणार. नेक्स्ट यर माझा संडे माझा नसणार."

आणि त्या उन्हाळ्यातच साहेबांचा डावीकडे जाणारा पाय खरोखर उशीर करायला लागला.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी पेन उचललं आणि थांबलो. चेंडू साधा होता. साहेबांच्या ग्लोव्हला लागून मागे गेला. ते वळून माझ्याकडे बघत नव्हते, कोणीच बघत नव्हतं. मला आमच्या घरी वाढलेल्या कोणालाही जे शिकवलेलं असतं तेच आठवलं, की मोठ्या माणसाची चूक मोठ्याने बोलू नये. आणि इथे ती लिहायची होती, त्याच्या नावापुढे, कायमची. मी 'हिट' लिहिलं. पाच मिनिटांनी त्यातून धाव झाली आणि ती सॅमच्या नावावर गेली. ते गणित मला येत होतं. मी ते त्या वेळी केलं नाही, एवढंच.

दुसऱ्या वेळी सोपं गेलं. तिसऱ्या वेळी पेन थांबलंच नाही.

साहेबांचा एक नियम होता, खेळाडूने मोसमात वही बघायची नाही. ते स्वतःही बघत नसत. फक्त सामन्यानंतर गाडीत बसता बसता सहज विचारत, "तो तिसऱ्या इनिंगमधला?" मी म्हणायचो, "हिट." ते मान हलवायचे. मला वाटायचं, किती सहज सांभाळून घेतलं आपण.

ब्रिस्टलचा सामना आम्ही हरलो. परत येताना मी सॅमच्या गाडीत होतो. स्विंडन मागे पडल्यावर तो बोलला.

"काका, एक विचारू? अँग्री नाही व्हायचं."

"विचार."

"थर्ड इनिंग. साहेबाच्या लेफ्टला बॉल गेला. तुम्ही काय लिहिला?"

"हिट."

"तो हिट होता?"

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"बॉल ग्लोव्हला लागला, काका. आवाज आला. आंधळा माणूस पण एरर देईल. लास्ट यर माझा थ्रो वाइड गेला, तुम्ही मला एरर दिला. वन सेकंद. मी बघत होतो, तुम्ही पेन असं केला."

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी?"

"तू लहान आहेस."

सॅम हसला. मनापासून हसला, त्यामुळे मला जास्त लागलं. "काका, मी ट्वेंटी-सिक्स आहे. मॉर्गेज आहे माझा." मग मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट सुरू झाले आणि तो प्रत्येकाला उगाच नीट इंडिकेटर देत राहिला. माझ्या दारात गाडी थांबवून म्हणाला, "साहेबाला बोलू नका मी काही म्हटला. त्याने मला बनवला. मला नको त्याचा इन्सल्ट. पण माझा चान्स पण जातोय ना."

घरात आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. मळता मळता ऐकलं.

"म्हणजे साहेबांचं राखायचं म्हणून तुम्ही त्या पोराच्या माथी मारलंत."

"माथी मारलं असं नाही."

"मग कसं?"

मी वही टेबलावर ठेवली.

"मंडळाच्या मिनिट्समध्येही तुम्ही हेच करता," ती म्हणाली. "अध्यक्ष सभेत झोपले होते. तुम्ही लिहिलंत, अध्यक्षांनी चर्चा शांतपणे ऐकून घेतली."

"त्याने कोणाचं नुकसान झालं?"

"त्याने नाही झालं. याने झालं."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी वही घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. तक्ते त्याच संध्याकाळच्या टपालाने जायचे होते. गोदामात फोर्कलिफ्ट फिरत होती, काचेतून दिसत होती. साहेब उभ्याने सँडविच खात होते.

मी म्हणालो, "या वहीत नऊ ठिकाणी मी हिट लिहिलं आहे. ती एरर आहे."

"कोणाची?"

"शॉर्टस्टॉपची."

त्यांनी सँडविच कागदात गुंडाळलं. खिशातून टाय काढला आणि बांधला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्या केबिनमध्ये मी त्यांना पहिल्यांदाच खुर्चीत बसलेलं पाहिलं.

"वाच," ते म्हणाले.

मी तारीख, संघ आणि इनिंग वाचत गेलो. त्यांना प्रत्येक चेंडू आठवत होता. "डावीकडे. एका पावलाचा उशीर. एरर." "सरळ हातात. वर बघितलं त्याने, खाली बघायचं होतं. एरर." एके ठिकाणी माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "त्या दिवशी तुमच्या डोळ्यांवर ऊन होतं."

"माझ्या नाही. शॉर्टस्टॉपच्या. आणि त्याला टोपी दिलेली आहे."

नऊ झाले. मी वही मिटायला लागलो.

"तुला माहीत आहे तू काय केलंस?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "त्या माणसाला त्याचा हात सांगत होता की चेंडू सुटला. वही सांगत होती हिट होती. तो रोज वहीचं ऐकत होता. मे महिन्यातच थांबला असता." मग म्हणाले, "आणि ते सगळं सॅमने वाहिलं."

मी वही मिटली.

"अजून दोन आहेत," साहेब म्हणाले. "वॉटफर्ड, पाचवी इनिंग. आणि त्याच सामन्यात आठवी."

ते दोन मला चांगले आठवत होते. त्या मैदानाखाली मोल नावाचा प्राणी बिळं करतो आणि जागोजागी मातीचे ढीग वर काढून ठेवतो. दोन्ही वेळा चेंडू ढिगावर आपटून साहेबांच्या कानावरून गेला होता. तिथे कोणीही काही करू शकलं नसतं.

"त्या हिट आहेत," मी म्हणालो.

"ढीग सामन्याआधी सपाट करणं त्याचं काम होतं. एरर लिही."

"नियमांच्या पुस्तकात तसं नाही."

"मी या क्लबचा जनरल मॅनेजर आहे."

"मी स्कोअरर आहे," मी म्हणालो. "हिट आहेत."

थोरल्या माणसाला तोंडावर नाही म्हणण्याची ही माझी आयुष्यातली पहिली वेळ, आणि तीही त्याच्या अपराधात भर घालायची नाही म्हणून.

"तुला तो शॉर्टस्टॉप आवडतो म्हणून?"

"नाही. चेंडू ढिगावर आपटला म्हणून."

बाहेर फोर्कलिफ्ट मागे येताना वाजत राहिली. ती थांबल्यावर साहेबांनी पेन उघडलं.

"नऊ," ते म्हणाले. "पण बेस्ट हँडरायटिंगमध्ये लिही. टाइप करू नकोस. टाइप केलं की लोक ऑफिसची चूक समजतात."

तरीही कमिटीच्या अध्यक्षांचा बुधवारी फोन आलाच. मी केबिनमध्येच होतो. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण साहेबांच्या उत्तरांवरून सगळं कळत होतं. "हो, नऊ... हो, एकाच माणसाच्या... हो, सही करणारा आणि तो एकच... नाही, काही गैरसमज नाही. कालच काढलं त्याला."

पुढच्या रविवारी शॉर्टस्टॉपला एक प्लास्टरर उभा राहिला. साहेबांनी आदल्या दिवशी त्याला तासभर जमिनीवरचे चेंडू मारून दिले होते. स्वतः ते बेंचवर बसले, म्हणजे बसून बघितलं, मग उभे राहिले. प्लास्टररच्या पायांतून पहिलाच चेंडू निसटला. मी एरर लिहिली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. विचारलंही नाही. गाडीत बसतानाही नाही, आणि पुढे कधीच नाही.

सॅमचं नाव शिबिराच्या यादीत आलं. मग संघातही आलं. बेल्जियममध्ये तो देशासाठी तीन इनिंग्ज टाकून आला आणि त्या तीन इनिंग्जमध्ये एकही धाव झाली नाही. संघ हरला, ती वेगळी गोष्ट. त्याच्या आई त्या सामन्याला गेल्या होत्या. तिथल्या स्कोअररला त्यांनी डब्यातल्या करंज्या दिल्या आणि माझं नाव सांगितलं, जणू जगातल्या सगळ्या स्कोअररांची एकमेकांशी ओळख असते.

कमिटीत साहेबांना त्याच हिवाळ्यात घेतलं. कारण काय दिलं ते मला माहीत नाही. बहुधा अध्यक्षांना त्यांना समोर ठेवणं जास्त सुरक्षित वाटलं असावं. तीन वर्षांत तक्ते बघण्याऐवजी माणसं प्रत्यक्ष सामन्यांना जायला लागली. ब्लेझर चुरगळले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात व्यावसायिक क्लब उभे राहू लागले तेव्हा त्यांना एका क्लबचं बोलावणं आलं. जनरल मॅनेजर म्हणून, खऱ्या पगाराचं, खऱ्या मैदानाचं, तिकिटं विकत घेणाऱ्या प्रेक्षकांचं. पुढे ते लीगच्याच मुख्य कचेरीत गेले. मी आणि सॅम त्यांना हीथ्रोवर सोडायला गेलो. सॅमची मुलगी कडेवर होती. साहेबांनी तिच्या मुठीत एक चेंडू दिला, तो तिने सोडला. "हिट," ते म्हणाले आणि आत गेले.

काही वर्षांनी तिकडून एक व्हिडिओ कॅसेट आली. सोबत पत्र नव्हतं. लीगने त्यांचा सत्कार केला होता, त्या दुपारच्या जेवणाचं चित्रण. शनिवारी सॅम, त्याची बायको आणि मुलगी आमच्याकडे आली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते लावलं. सत्कार जगभर सारखेच असतात. लांब टेबल, फुलं, माइक खरखरणं, आणि ज्याचा सत्कार तो सोडून सगळ्यांची भाषणं. शेवटी साहेब उठले. केस पांढरे झाले होते. टाय बांधला होता, पण तो कोणता हे आमच्या टीव्हीच्या रंगात कळेना.

त्यांनी अमेरिकेबद्दल दोन वाक्यं सांगितली, तिथल्या ऑफिसाबद्दल एक. मग म्हणाले, "मला जे काही थोडं कळतं ते मी इंग्लंडात शिकलो. तिथे एका मोसमात जुलैपर्यंत मी अकरा एरर केल्या."

"नाइन," सॅम म्हणाला.

टीव्हीवर साहेब थांबले. पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला.

"नऊ," ते म्हणाले. "दोन हिट होत्या. त्याबद्दल स्कोअररचा निर्णय अंतिम आहे."

तिथल्या लोकांना वाटलं विनोद केला. ते हसले, आणि हसण्यात पुढचं वाक्य बुडालं. सोफ्याच्या टोकाला बसलेली माझी बायको म्हणाली, "अहो, जरा मागे घ्या ना."

मी टेप मागे घेतली.